चालू महामार्ग रुंद करताना: कोकणातल्या चौपदरीकरणात नुकसान कुठे होतं आणि कसं रोखायचं

प्रश्न असा आहे: मुंबई-गोवा महामार्गासारखा (राष्ट्रीय महामार्ग ६६) गजबजलेला दुपदरी रस्ता रहदारी बंद न करता चौपदरी करायचा आहे. झाडं, डोंगर, पऱ्ये (ओहोळ), विहिरी, भातखाचरं यांचं नुकसान कमीत कमी व्हावं म्हणून नेमकं काय करायचं, आणि हे सगळं बिघडतं कुठे?

पर्यावरणाची चर्चा बहुधा झाडांच्या आकड्याशी येऊन थांबते. किती तोडली, बदल्यात किती लावणार. पण कोकणात बरंचसं नुकसान दोन क्षणी ठरतं. एक, रस्ता कोणत्या बाजूला सरकवायचा हे नकाशावर ठरतं तेव्हा. दुसरा, ३१ मेच्या संध्याकाळी जागेवर काय उघडं राहिलंय तेव्हा. मिरग कोणाच्या बिलासाठी थांबत नाही. या दोन गोष्टी नीट झाल्या तर उरलेलं बरंच सावरता येतं. त्या चुकल्या तर पुढे कितीही रोपं लावली तरी खाचरात गेलेला गाळ परत येत नाही.

किती रुंद आणि कोणत्या बाजूला

इंडियन रोड काँग्रेसच्या जुन्या हिशेबाने सपाट मुलुखातला दुपदरी रस्ता दिवसाला सुमारे १५,००० पीसीयू बऱ्यापैकी वाहून नेतो, चौपदरी ३५ ते ४० हजार. घाटात दुपदरीची क्षमता ५ ते ७ हजारांवर येते. पीसीयू म्हणजे कारच्या मापात मोजलेली वाहतूक: कार १, दुचाकी अर्धा, ट्रक किंवा एसटी ३, बैलगाडी ८. मोजणी करताना गणपतीचा आठवडा वगळून वर्षभराची सरासरी काढायची. गणपतीच्या गर्दीवर रुंदी ठरवली तर उरलेले अकरा महिने रिकामं काँक्रीट उन्हात तापत पडतं.

चौपदरीचा साधारण छेद असा असतो: दोन्हीकडे ७ मीटरचा धावमार्ग, प्रत्येकी अडीच मीटरची पक्की साईडपट्टी, दीड मीटरची कच्ची पट्टी आणि मध्ये चार-पाच मीटरचा दुभाजक. एकूण २६ ते २७ मीटर. जुना दुपदरी रस्ता पट्ट्यांसकट १२ मीटरचा, म्हणजे साधारण १४-१५ मीटर नवी जागा लागते. हा छेद एकदा काढून पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत तसाच छापायचा, ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नेहमीची चूक. घाटात दुभाजक २ मीटरवर आणि पक्की साईडपट्टी दीड मीटरवर आणता येते, आणि त्यातून काय वाचतं ते आकड्यांत बघा.

डोंगराचा मूळ उतार ३० अंश धरू आणि कापाचा ४५ अंश. रस्ता डोंगरात १० मीटर आत नेला तर काप १३.७ मीटर उंच होतो आणि प्रत्येक मीटर लांबीला सुमारे ६८ घनमीटर डोंगर निघतो. तोच रस्ता ७ मीटर आत नेला तर काप साडेनऊ मीटरचा आणि निघणारा माल ३३ घनमीटर. रुंदी तीस टक्क्यांनी घटली, खोदाई निम्म्यावर आली, कारण कापाचं क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढतं. किलोमीटरला ६८,००० घनमीटर माती सुटली की फुगून ८८-८९ हजार होते. १५ घनमीटरच्या हायवा डंपरने ती उचलायची तर जवळजवळ सहा हजार फेऱ्या. सात मीटरवर तीन हजारांच्या आतबाहेर. डिझेल, धूळ, आणि मुख्य म्हणजे ती माती टाकायची कुठे हा प्रश्न, सगळंच निम्मं होतं. छेदातले तीन मीटर वाचवायला कार्यालयात एक दुपार भांडावं लागतं, एवढाच त्याचा खर्च.

तरीही काप फार मोठा होत असेल तर दोन्ही धावमार्ग वेगळ्या पातळीवर न्यायचे: जुना रस्ता खालची बाजू सांभाळतो, नवा दोन-चार मीटर वर किंवा खाली, मध्ये संरक्षक भिंत. त्याहून अवघड जागी बोगदा. कशेडी घाटात शेवटी सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदेच काढावे लागले.

बाजूचा निर्णय. मध्यरेषा तीच ठेवून दोन्हीकडे सारखं रुंदीकरण नकाशावर देखणं दिसतं आणि जमीन देणाऱ्यांना न्याय्यही वाटतं. पण त्यात झाडांच्या दोन्ही रांगा जातात, दोन्ही गटारं फुटतात, मोऱ्या दोन्ही टोकांना वाढवाव्या लागतात आणि रहदारीला दोन्हीकडून यंत्रं घासतात. एका बाजूने वाढवलं की नवा धावमार्ग आधी मोकळ्या जागेत पुरा बांधता येतो, मग रहदारी तिकडे वळवून जुना रस्ता दुरुस्त करता येतो, आणि एक रांग अख्खी राहते. डावी की उजवी, हे दर एक-दोन किलोमीटरला जागा बघून ठरवायचं. बाजू बदलताना मध्यरेषा मोठ्या त्रिज्येच्या वळणावरच बदलायची, सरळ भागात वाकडी करायची नाही.

पर्यावरण मंजुरीबद्दल थोडक्यात. २००६ची अधिसूचना २०१३ साली बदलल्यानंतर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला ती मंजुरी तेव्हाच लागते, जेव्हा लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असते आणि जुन्या रेषेवर ४० मीटरपेक्षा, वळणरस्त्यावर ६० मीटरपेक्षा अधिक जादा जागा घेतली जाते. पुष्कळ रुंदीकरणं या चौकटीबाहेरच राहतात. वनजमीन आणि अभयारण्याची परवानगी वेगळी लागतेच. कायदा अहवाल मागत नाही म्हणून पाण्याचा आणि झाडांचा सर्व्हे टाळला, तर तो खर्च पुढे दुरुस्तीच्या बिलात भरावा लागतो.

झाड वाचवलं म्हणजे काय

प्रत्येक झाडाचं चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून लांबीत मोजलेलं अंतर), मध्यरेषेपासूनचं अंतर, जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर, एवढं टोटल स्टेशन या मोजणीयंत्रावर घेऊन झाड छेदाच्या नकाशात उतरवायचं. वेगळी यादी केली की ती फाइलीत राहते. झाड नकाशात असलं तर डिझायनरला ते रोज दिसतं. खोडाभोवती मुळांचं वर्तुळही काढायचं. ढोबळ नियम: खोडाच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला १२ सेंटिमीटर त्रिज्या. ६० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण १९० सेंटिमीटर घेराचं आंब्याचं झाड असेल तर सात मीटरच्या आत खोदाई नको आणि भरावही नको.

भराव नको, हे साईटवर कुणाला पटत नाही. खोड शाबूत दिसतं, म्हणून झाड वाचलं असं समजतात. पण मुळांवर फूटभर माती दाबून रोलर फिरवला की हवा कोंडते, आणि झाड दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं आणि झाड ‘आपोआप’ मेलेलं असतं. दुसरा धोका वाऱ्याचा. कोकणात पावसाळी वारा नैऋत्येचा. पश्चिमेकडची मुळं झाडाला दोरखंडासारखी ताणून धरतात. गटारासाठी जेसीबीने नेमकी तीच तोडली तर पहिल्या मोठ्या वाऱ्यात झाड रस्त्यावर आडवं होतं. त्या बाजूला खोदाई टळतच नसेल तर मुळं आरीने स्वच्छ कापायची, बादलीने ओढायची नाहीत, आणि फांद्यांचा भार त्याच आठवड्यात हलका करायचा.

दुभाजकात आलेलं जुनं झाड ठेवता येतं, पण मग दोन्हीकडे क्रॅश बॅरिअर हवा. पत्र्याच्या बॅरिअरला धडक बसल्यावर वाकायला मीटर-दीड मीटर जागा लागते. खोड त्याला चिकटून असेल तर बॅरिअर असून नसल्यासारखा.

झाड हलवण्याबद्दल फार आशा बाळगू नये. गड्ड्याचा व्यास खोडाच्या आठपट तरी लागतो. ३० सेंटिमीटरच्या खोडाला २.४ मीटर व्यासाचा, मीटरभर खोल गड्डा म्हणजे साडेचार घनमीटर माती, नुसत्या मातीचं वजन सात-आठ टन. त्याला क्रेन आणि ट्रेलर येतो. ६० सेंटिमीटरच्या झाडाचा गड्डा पावणेपाच मीटरचा. तो विजेच्या तारांखालून आणि गावातल्या वळणावरून जायचा नाही. जातीही बघायच्या. वड, पिंपळ, उंबर जगतात. मोठा आंबा, साग, ऐन, किंजळ यांचा भरवसा नाही. करायचं तर चर एकदम खोदायचा नाही: आधी निम्मा, तीन-चार आठवड्यांनी उरलेला, म्हणजे मधल्या काळात बारीक मुळं फुटतात. गोणपाटाने आवळायचं, खोडावर उत्तर दिशेची खूण करायची, नव्या जागी तीच दिशा ठेवायची, आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर लावायचं.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक कामात घडते: नकाशावर वाचवलेली झाडं सेवावाहिन्यांसाठी जातात. रस्त्याचा छेद झाडाला वळसा घालतो. सहा महिन्यांनी वीज आणि पाणीपुरवठ्याचा ठेकेदार हद्दीच्या कडेने खांब नि पाइप नेतो, नेमका त्याच रांगेतून. वाहिन्यांची पट्टी झाडांच्या नकाशावरच आखून घेतली नाही तर वर केलेली सगळी मेहनत फुकट.

जांभा, शेडी आणि कापलेला डोंगर

कोकणातला काप फसतो तो बहुतेक वेळा पाण्याने. वरचा जांभा कोरडा असताना चिऱ्याच्या भिंतीसारखा सरळ उभा राहतो, म्हणून लोक तो सरळच कापतात. पण जांभा चाळणीसारखा असतो. पाणी त्यातून उतरतं आणि खालच्या पांढरट-गुलाबी चिकणमातीवर, शेडीवर, येऊन आडवं वाहू लागतं. कापाने ही शेडी उघडी पडली की जून-जुलैत ती साबणासारखी होते आणि वरचा जांभा अख्ख्या ठोकळ्याने खाली बसतो. परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या काळात दरडींनी इतका त्रास दिला की २०२२च्या उन्हाळ्यात दुपारचे काही तास घाट बंद ठेवून काम उरकावं लागलं.

म्हणून कामाचा क्रम वरून खाली. आधी कापाच्या माथ्यामागे तीन ते पाच मीटरवर कॅचवॉटर गटार (वरून येणारं पाणी कापाआधीच अडवून बाजूला नेणारं), तेही काँक्रीट किंवा दगडी अस्तराचं. बिनअस्तराचं गटार पाणी अडवून डोंगराच्या पोटातच सोडतं. त्यापेक्षा गटार नसलेलं परवडलं. मग वरून खाली कापत यायचं, दर सहा मीटर उंचीवर दीड-दोन मीटरची पायरी, पायरीचा उतार आतल्या बाजूला आणि त्यात गटार. पायऱ्यांचं पाणी खाली आणायला पायऱ्यापायऱ्यांची पक्की घळ. शेडीचा थर दिसला की तिथे ५०-७५ मिलिमीटरचे छिद्रांचे पाइप आत ५ अंश वर चढते घालायचे, म्हणजे आतलं पाणी स्वतःहून बाहेर येतं. पायथ्याची भिंत सगळ्यात शेवटी बांधतात. ती पावसाआधी हवी, मागे ६०० मिलिमीटरचा खडी-वाळूचा गाळणथर भरून. भिंतीत बारक्या नळ्या असतात, पण मागे गाळणथराऐवजी खोदाईचीच माती भरलेली असते. पहिल्या महिन्यात नळ्या बुजतात आणि भिंत पोट काढते. जाळी लावून त्यावर काँक्रीट फवारलं की उतार पक्का झाला असं मानणं हाही तसाच प्रकार; निचऱ्याशिवायचं शॉटक्रीट म्हणजे बुच बसवलेली बाटली.

मातीच्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून वाळा लावावा. रांगा समपातळीवर, मीटर-मीटर अंतराने, ठोंब १०-१५ सेंटिमीटरवर. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजतो, तोवर मुळं धरतात. लावणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. एप्रिलमध्ये लावून टँकरने जगवण्याचा प्रयत्न महागात पडतो, जुलैत लावलेला धुपून जातो.

कामापूर्वीच्या एप्रिलअखेर, कापाच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंतच्या विहिरींची पाणीपातळी मोजून ठेवावी. काप जांभ्यातलं झिरपणारं पाणी आडवा छेदतो आणि खालच्या वाडीची विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. आधीची नोंद नसेल तर पुढे कोणी कोणाचं ऐकत नाही.

निघालेली माती दरीच्या बाजूला लोटणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक उपाय. ती पऱ्यात उतरते, पऱ्या बुजतो, आणि गाळ दोन किलोमीटर खालच्या खाचरात पसरतो. भाताच्या खाचरावर हातभर लाल चिकण बसली की ते वर्ष गेलं. कापाची आणि भरावाची बेरीज-वजाबाकी किलोमीटरवार आधी मांडून उरलेल्या मातीच्या जागा मोजणी-नकाशासह ठरवायच्या: पाणवाटेपासून दूर, पायथ्याला गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेली भिंत), थराथराने दाबलेली. कापातला चांगला काळा कातळ फोडून खडी होते, त्यामुळे नवी खाण उघडावी लागत नाही. जांभा मात्र भरावात आणि कच्च्या साईडपट्टीतच. पायाच्या थरात तो भिजला की पीठ होतो.

मोऱ्या

रुंदीकरणात मोरीची लांबी १२ मीटरवरून २७-३० मीटर होते आणि बहुतेक ठिकाणी जुन्याच पाइपाला नवा जोडून काम भागवलं जातं. जोडावर पातळी जुळत नाही, गाळ तिथेच अडतो, आणि पाइप इतका लांब होतो की माणूस आत शिरून साफ करू शकत नाही. चौपदरीच्या मानकांनुसार ९०० मिलिमीटर आणि त्याहून लहान पाइप काढून किमान १२०० मिलिमीटरचा टाकायचा असतो. का, ते एका हिशेबात कळतं.

समजा मोरीवर दहा हेक्टरचा उतार निचरतो. पाऊस ताशी १०० मिलिमीटरचा, जो कोकणात दुर्मीळ नाही, आणि सत्तर टक्के पाणी वाहतं. ०.७ × १०० × १० भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला सुमारे १.९ घनमीटर. अडीच मीटर वेगाने भरून वाहणारा ६०० मिलिमीटरचा पाइप ०.७ घनमीटर नेतो, ९०० चा १.६, आणि १२०० चा २.८. अर्धवट बुजलेला ९०० चा पाइप म्हणजे रस्त्याच्या भरावाचं धरण झालं. त्यात रुंद झालेला रस्ता स्वतःचं पाणी घालतो: १४ मीटरची जादा फरसबंदी किलोमीटरला १.४ हेक्टर होते, आणि ताशी ७५ मिलिमीटर पावसात सेकंदाला जवळपास २८० लिटर पाणी. हे सगळं एकाच घळीतून एखाद्याच्या आमराईत सोडलं तर दोन पावसाळ्यांत तिथे पुरुषभर खड्डा पडतो. बाहेर पडण्याच्या तोंडाला दगडी फरस, पुढे दगडांचा थर, आणि जिथे मुळात पाणी पसरून वाहत होतं तिथे एक मोठी मोरी देण्याऐवजी तीन लहान.

शक्य तिथे पाइपापेक्षा दोन बाय दोन मीटरची बॉक्स मोरी बरी, तळ पऱ्याच्या पात्रापेक्षा ३० सेंटिमीटर खाली घेतलेली, म्हणजे आत नैसर्गिक गोटे-वाळू राहते आणि मासे, खेकडे चढतात. एका कडेला अर्ध्या मीटरची कोरडी पायरी ठेवली की उदमांजर, मुंगूस, साळिंदर भर पावसातही खालून जातात. खर्च नगण्य, पण ही पायरी मोरीच्या ठराविक नकाशात नसते, म्हणून बांधली जात नाही.

नदीच्या पूरमैदानात उंच भराव घालण्याऐवजी खांबांवरचा रस्ता किंवा मोकळ्या गाळ्यांची रांग हवी. पूररेषा फक्त नोंदवहीतून घेऊ नये. चिपळुणात जुलै २०२१चं वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या भिंती सांगतात. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. चालू महामार्गावरचा जुना पूल एका धावमार्गासाठी तसाच वापरायचा असेल, तर पाया आणि तळाची धूप पाणबुड्याकडून तपासल्याशिवाय वापरू नये. नव्या खांबांसाठी पात्रात घातलेला मातीचा तात्पुरता रस्ता मेअखेर पूर्ण उचलायचा. ‘पूर आला की आपोआप जाईल’ म्हणतात. जातो, आणि खालच्या कोंडीत बसतो.

रहदारी, धूळ आणि माल

दहा किलोमीटर एकदम उकरून ठेवणं ठेकेदाराला सोयीचं, बाकी सगळ्यांना जाचाचं. दोन-तीन किलोमीटरचा तुकडा उघडायचा, पुरा करायचा, पुढे जायचं. रांगेत उभ्या ट्रकचा धूर हाही प्रकल्पाचाच धूर आहे.

वळणमार्गाच्या धुळीचं गणित साधं आहे. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटरला चौरस मीटरमागे दीड लिटर म्हणजे साडेदहा हजार लिटर: एका फेरीला किलोमीटरमागे एक टँकर. एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच फेऱ्या तरी लागतात, आणि ते पाणी गावच्या विहिरीतून येत असेल तर धुळीपेक्षा मोठं भांडण ओढवतं. वळणमार्ग महिन्यापेक्षा जास्त चालणार असेल तर त्यावर ओल्या मिश्रणाची खडी दाबून डांबरी इमल्शन मारावं. टँकरच्या भाड्यात ते फिटतं. हवेतल्या धुळीची, पीएम १० ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. मापनयंत्र शाळेच्या किंवा दवाखान्याच्या बाजूला लावायचं, साईट ऑफिसच्या गच्चीवर नाही.

जुना रस्ता हा माल आहे, कचरा नाही. सात मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड डांबरी थर किलोमीटरला सुमारे २,४०० टन भरतो. तो खरवडून नव्या मिश्रणात ठरावीक प्रमाणात परत घालता येतो, उरलेला खालच्या थरात आणि साईडपट्टीत जातो. खरवडलेला माल मात्र ताडपत्रीखाली ठेवावा. भिजला की प्लांटमध्ये तो सुकवायला जाणारं इंधन सगळी बचत खाऊन टाकतं. काँक्रीटचा रस्ता असेल तर १४ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर जाड थराला किलोमीटरमागे ४,२०० घनमीटर काँक्रीट आणि १,७०० टनांच्या घरात सिमेंटजन्य माल लागतो. त्यातला २० टक्के फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) धरला तरी तीनशेहून जास्त टन सिमेंट वाचतं. विदर्भात भरावासाठी तलाव-नाल्यांतला गाळ-मुरूम वापरण्याचा बुलढाणा पॅटर्न चांगला रुजला. कोकणात मात्र माती मुळातच उरते, तिथे त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

जनावरांची वाट

मोठ्या जनावरांसाठी राज्यातलं पाहण्यासारखं काम नागपूरच्या उत्तरेला आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने जातो. मनसर ते खवासा भागात चौपदरीकरणात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलला, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना दिसले. ११ वाघांनी मिळून ८९ वेळा वापर केला. यावरून शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे जागेची निवड. जुन्या पाऊलवाटा, नाले, रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी, यांवर पूल ठेवावा लागतो. सोयीच्या चेनेजवर बांधलेल्या भुयारातून फक्त गुरं जातात.

कर्नाळ्यासारख्या लहान अभयारण्यात प्रश्न वेगळा. तिथे रस्ता उचलण्यापेक्षा तो अरुंद ठेवणं, दिवे कमी आणि खाली तोंड केलेले ठेवणं, दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींना भिडू देणं जास्त उपयोगी. सलग काँक्रीटचा दुभाजक साप-कासवांसाठी तटबंदी ठरतो, म्हणून काही मीटरांवर खाली फटी ठेवायच्या.

आवाजाबद्दल थोडक्यात. रहदारी दुप्पट झाली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. झाडांची एक रांग आवाज अडवत नाही, फक्त रस्ता दिसेनासा करते. खरंच अडवायचा तर सलग, बिनफटीची तीन मीटरची भिंत.

बदली झाडं

शहरी हद्दीत २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. हद्दीबाहेर आकडा वाटाघाटीचा होतो. दहा मीटर अंतराने दोन्हीकडे एक रांग धरली तर किलोमीटरला दोनशेच झाडं मावतात. कागदावर हजार दिसले तर ती कुठे लावणार हे विचारावं. निम्मी तारांखाली किंवा पुढच्या सहापदरीकरणाच्या पट्ट्यात असतात. रोप माणसाच्या उंचीचं, खड्डा निदान ६० सेंटिमीटरचा, तीन उन्हाळे आठवड्याला २० लिटर पाणी, आणि पैसे तिसऱ्या जूनमध्ये जिवंत रोपं मोजून. जाती करंज, उंडी, बकुळ, जांभूळ, वड. गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ वाऱ्यात मोडतात.

वर्षाचं वेळापत्रक

कोकणात कामाचे महिने १५ ऑक्टोबर ते ३१ मे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फक्त गटारं, मोऱ्या आणि माथ्यावरचं कॅचवॉटर. डिसेंबर ते फेब्रुवारी कटिंग. मार्चपासून नवा काप उघडायचा नाही, उघडलेले बंद करायचे: पायथ्याची भिंत, पाइप, जाळी. प्रत्यक्षात उलट होतं, कारण मार्चअखेरच्या बिलात मातीकाम सगळ्यात चटकन मोठं दिसतं. म्हणून कराराच्या बीओक्यूत, म्हणजे कामांच्या परिमाण-दरपत्रकात, कॅचवॉटर गटार मीटरवर, काथ्याची जाळी चौरस मीटरवर, मातीच्या जागेची भिंत घनमीटरवर अशी स्वतंत्र कलमं हवीत, आणि वरचं गटार मोजल्याशिवाय खालच्या कटिंगचं बिल निघू नये. ‘पर्यावरण व्यवस्थापन, एकरकमी’ असं एकच कलम असलं की त्यातून सूचनाफलक आणि वृक्षदिंडी निघते.

गाळ अडवणाऱ्या तळ्यांवर फार विसंबू नये. उघड्या जमिनीच्या हेक्टरी सव्वाशे घनमीटर तळं ठेवतात, पण शेडीचं पांढरं पाणी तिथे निवळायला दिवस लागतात आणि कोकणातला पाऊस तेवढी उसंत देत नाही. झाकलेली जमीन हाच उपाय. कापडी गाळबंध लावायचा तर खालची कड वीतभर पुरायची. न पुरलेल्याखालून पाणी सरळ निघून जातं.

२५ मेच्या सुमारास सगळ्या लांबीवर चालत पाहणी करायची, मोटारीतून नाही. प्रत्येक मोरीच्या तोंडात बॅटरी मारून दुसऱ्या टोकाचा उजेड दिसतो का, पात्रातला तात्पुरता भराव उचलला का, पायऱ्यांचा उतार आत आहे का. आणि प्रत्येक मोठ्या कापाच्या माथ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर चढवून, नाही चढला तर खालून पंपाने, कॅचवॉटर गटारात पाणी सोडायचं आणि त्याच्याबरोबर चालत जायचं. वर सोडलेलं पाणी खालच्या घळीत जवळजवळ तेवढंच उतरलं पाहिजे. मध्येच जिथे ते आटतं तिथे अस्तराला तडा आहे. जागेवर चुन्याची खूण करून त्याच आठवड्यात तो बुजवायचा, कारण जुलैत डोंगराच्या पोटात पाणी शिरतं ते तिथूनच.